आडवाटेने आलेली आत्मचरित्रे

‘एखादे चांगले चरित्र किंवा आत्मचरित्र सुचवा’ असे वाचकाने वाचकाला विचारले, की उत्तरात बहुधा चौकात पुतळे असलेल्यांची नावे येतात. ही खोड जुनी आहे. मराठी गद्य छापखान्यात शिरले तेव्हापासून चरित्राकडे उपदेशाचे काम आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८४९ मध्ये कोलंबस मराठीत आणला, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये सॉक्रेटिस. थोरांचा कित्ता तरुणांनी गिरवावा, हा त्यामागचा हेतू उघड होता. हेतू वाईट नव्हता, पण त्यातून शिफारशीचा एक निकष रुजला: माणूस मोठा असेल तर पुस्तकही मोठे. मराठीतल्या स्वकथनांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. पिढ्यानपिढ्या हातोहात फिरत राहिलेली यातली बरीच पुस्तके स्वतःविषयी लिहायला न बसलेल्यांनी लिहिली आहेत. कुणी दुसऱ्याची हकिकत सांगायला बसले, कुणी कुणाच्या आग्रहाला मान दिला, आणि त्या ओघात ‘मी’ मागच्या दाराने आत आला. म्हणून सुचवायचीच तर आधी ही पुस्तके सुचवावीत, असे माझे म्हणणे आहे.

विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक. घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. हे सारे त्यांनी कागदावर उतरवले ते पंचवीसेक वर्षांनी, तेही चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि पुस्तक निघाले १९०७ मध्ये. इतक्या उशिरा लिहिलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका रास्त आहे. गोडसे भटजींच्या तारखा चुकतात आणि ऐकीव गोष्टीही ते पाहिल्यासारख्या सांगतात. दरबारातल्या मसलतींसाठी त्यांच्याकडे जाऊ नये. पण झाशीच्या लुटीचा क्रम पाहा: आधी सोने-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापड आणि धान्य. हे ज्याच्या डोळ्यांदेखत घडले त्यालाच असे सांगता येते. सेनापतीच्या चरित्रात या तपशिलाला जागा मिळाली नसती. पुस्तक सुचवताना मात्र आवृत्ती सांगायला विसरू नये. वैद्यांनी गोडशांची भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संपादन केले तेव्हा १९६६ साल उजाडले होते. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने भटजींना वैद्यांच्या सोवळ्यात पाहिले. आजही जुन्या पाठाच्या प्रती सर्रास विकल्या जातात आणि घेणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

स्त्रियांच्या लेखनात ही आडवाट अधिकच ठळक दिसते. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० मध्ये आले. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची होती. बेत पतीच्या आठवणी सांगण्याचा. पण पुस्तकातला जिवंत भाग माजघरात घडतो. सुधारक नवरा वर शिकवतो आणि खाली घरातल्या बायका त्या शिकण्याचा सूड उगवतात. रानड्यांच्या सार्वजनिक कार्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या सुधारणेची किंमत घरात कोणी आणि कशी चुकवली, हे सांगणारी ही एकच साक्षीदार. लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. मुलगा देवदत्त वडिलांचे, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहू पाहत होता. त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून आईने आठवणी लिहायला घेतल्या. त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ झाली. त्यांचे भाग १९३४ पासून निघू लागले. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो प्रसंग त्यांच्या बाजूने लिहिला असता तर धर्मजिज्ञासेचा अध्याय झाला असता. लक्ष्मीबाईंच्या बाजूने ती टाकलेल्या बायकोची, सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या लेकीची गोष्ट होते, आणि तिलाही त्या हसू शकतात. हा विनोद मराठी गद्यात पुन्हा क्वचितच कुणाला साधला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. नवऱ्याच्या आडून बोलणे ही त्या बायकांवरची सक्ती होती, आपण तिला वाङ्मयीन गुण ठरवतो आहोत. सक्ती होती, हे खरेच, आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण सक्तीखाली लिहिलेल्याचे मोल काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कर्व्यांच्या घरातच तपासता येतो. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५चे, आनंदीबाई ऊर्फ बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४चे. पहिले प्रामाणिक, संयमी, संस्थेच्या अहवालाच्या अंगाने जाणारे. अण्णांनी संस्थेसाठी काय सोडले ते त्यात कळते. बायांच्या पुस्तकात कळते ते असे, की अण्णांनी सोडलेले घरातल्या कुणाच्या तरी ताटातून जात होते. दोन्ही वाचावीत, पण कुणी एकच मागितले तर मी बायांचे देईन. सुनीता देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले तेव्हा आडपडद्याची गरज राहिली नव्हती, आणि ते पुस्तक माझ्या मांडणीला अपवाद आहे हे कबूल करतो.

दलित आत्मकथनांना तर वाचकाने बोलावलेच नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दहा वर्षांत आत्मचरित्र कोणी लिहावे याविषयीची समजूत उलटीपालटी झाली. पुढे तक्रार आली की याचा साचा झाला, तीच भूक, तोच अपमान. साचा काही पुस्तकांत आहे. पण थोरांच्या चरित्रांत गरिबी, दिव्याखालचा अभ्यास आणि विलायतेचा प्रवास हा साचा शंभर वर्षे चालला तेव्हा ही तक्रार फारशी ऐकू आली नाही. शिवाय जवळून वाचले की फरक दिसतो. फलटणच्या बेबी कांबळे दुकान सांभाळत, नवऱ्यापासून लपवून लिहीत आणि ते लेखन वर्षानुवर्षे दडवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्यात महारवाड्यातल्या बायकांचे हाल आहेत, सुनांचा छळ आहे, पण स्वतःच्या संसाराविषयी बेबीताई जवळजवळ गप्प आहेत. नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडितांना दिलेल्या मुलाखतीत. उर्मिला पवारांनी २००३ मध्ये ‘आयदान’मध्ये बायकोच्या शिकण्या-लिहिण्यावर नवरा कसा नाखूश असतो ते थेट लिहिले. ‘जिणं आमुचं’ मागणाऱ्याला ‘आयदान’ही द्यावे, आणि वाचायचा क्रम प्रकाशनाचाच ठेवायला सांगावा.