यंत्राची निवड आणि बडोद्याची साक्ष

छायाचित्र चांगले उतरते ते यंत्राच्या गुणाने की यंत्रामागील दृष्टीच्या गुणाने, हा वाद छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. १८३९ साली दागेरच्या शोधाची वार्ता पॅरिसमध्ये प्रकट झाली, तेव्हापासून यंत्रे सारखी बदलत आली. प्रश्न मात्र बदलला नाही. डिजिटल कॅमेरा विकत घेऊ पाहणारा आजचा हौशी गृहस्थ दुकानाच्या पायरीवर ज्या संभ्रमात उभा राहतो, तो संभ्रम पूर्वसूरींनीही अनुभवलेला आहे. त्यांनी तो कसा सोडविला याची साक्ष एकट्या बडोदे शहराच्या इतिहासात दोन वेळा मिळते.

पहिली साक्ष दादासाहेब फाळके यांची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली उभ्या राहिलेल्या कलाभवनात शिकले. चित्रकलेच्या जोडीने छायाचित्रण, रसायनक्रिया आणि छपाई यांचे प्रयोग त्यांनी येथेच आरंभिले. यंत्र हाती घ्यावयाचे ते त्याचा पोटातला व्यवहार समजून घेऊन, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती या काळात.

तिचा उपयोग पुढे वीस-बावीस वर्षांनी झाला. १९१२ साली चित्रपट काढण्याच्या ध्यासाने फाळके लंडनला गेले. जवळ पैसा बेताचा, शहर अनोळखी. अशा स्थितीत त्यांनी दुकानातील पहिलेच यंत्र उचलले नाही. ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन त्यांनी संपादक कॅबोर्न यांची गाठ घेतली, जाणत्यांचा सल्ला घेतला, हेपवर्थ यांचा कारखाना डोळ्यांनी पाहिला आणि मग सुमारे पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पसंत केला. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही त्यांनी मिळविले. कारण त्यावाचून कॅमेरा निरुपयोगी ठरला असता. यंत्र घेताना त्याच्या परिवाराचाही हिशेब करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

परत आल्यावर त्यांनी एक साधा प्रयोग केला. कुंडीत वाटाणे पेरले आणि रोपासमोर कॅमेरा रोवून रोज थोडथोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली, आणि तो पट पाहून भांडवल देणारे पुढे आले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, त्यामागे ही वाटाण्याची कुंडी उभी आहे.

दुसरी साक्ष त्याच १९१३ सालच्या ९ डिसेंबरला जन्मली. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म नवसारीचा; नवसारी त्या वेळी गायकवाडांच्याच राज्यात होती. त्यांचे शिक्षण मुंबईस झाले आणि १९४२ पासून दिल्लीत त्यांनी देशाच्या घडामोडी टिपल्या. साडी नेसून, अवजड सामान वागवीत त्या समारंभांतून वावरत. त्यांच्या हाती मुख्यतः दोन यंत्रे असत. एक स्पीड ग्राफिक. तिच्या एका चौकटीत फिल्मचे दोनच तुकडे बसत, दोन चित्रे झाली की चौकट बदलावी लागे. दुसरा रोलिफ्लेक्स. त्यात बारा चित्रांची गुंडाळी असे. तो कमरेपाशी धरून वरून पाहावयाचा असल्याने छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नसे.

रोलिफ्लेक्सचे भिंग बदलता येत नाही. दूरचा माणूस मोठा दिसावा असे वाटले, तर पाऊल पुढे टाकणे हाच उपाय. होमाईबाईंच्या चित्रांत नेहरू, माउंटबॅटन, शास्त्री हे जवळचे वाटतात याचे एक कारण या मर्यादेत आहे. बारा चित्रांच्या काटकसरीने त्यांना क्षणाची वाट पाहण्यास शिकविले. यंत्राच्या उणिवेतून दृष्टीचा गुण वाढला.

आज काटकसरीचे हे बंधन सुटले आहे. हजार चित्रे घेतली तरी फिल्मचा खर्च नाही. परंतु प्रकाशाचे नियम तेच आहेत. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर संवेदकाच्या कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरचे भिंग साधारण दृष्टीसारखे दृश्य देते. पंचवीस मिलिमीटरच्या आसपास देवळाचा सभामंडप मावतो, पंच्याऐंशी मिलिमीटर मुखचित्राला शोभते, आणि तळ्याकाठच्या पक्ष्यांना तीनशेच्या पुढचे भिंग लागते. छिद्राचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. १.८ आकड्याचे भिंग ३.५ आकड्याच्या भिंगापेक्षा जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. घरातील मंद उजेडात लेकराचे चित्र हलले की स्थिर राहिले, हे पुष्कळदा या फरकावर ठरते. म्हणून मर्यादित पैसा असेल, तर महागड्या कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या भिंगावर तो खर्चणे शहाणपणाचे. कॅमेरे काही वर्षांत जुने होतात. जपून वापरलेले भिंग दीर्घकाळ साथ देते.

तरीही निवडीचा अखेरचा शब्द यंत्राचा नव्हे. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाईबाई गांधीजींच्या प्रार्थनासभेस जाण्यास निघाल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी जाऊ, असे पतीने सुचविल्यावरून त्या परतल्या. तो दुसरा दिवस अंत्ययात्रेचा ठरला. त्या दिवसाची चित्रे त्यांनी टिपली, परंतु न गेल्याची रुखरुख जन्मभर राहिली. १९७० साली त्यांनी व्यवसाय सोडला, उत्तरायुष्य बडोद्यास काढले, २०११ साली पद्मविभूषण स्वीकारले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी याच शहरात देह ठेवला.

कोणते भिंग, किती किमतीचे, याचे उत्तर कशाचे चित्र घ्यावयाचे हे ठरल्यावर आपोआप मिळते. फाळक्यांनी ते आधी ठरविले आणि मग लंडन गाठले. क्षणापाशी पोहोचण्याचे काम मात्र कोणतेही भिंग करीत नाही. ते पायांनीच करावे लागते.