ॲस्बेस्टॉसची वही

ब्रिटनमधल्या जुन्या सरकारी रुग्णालयात नवा दिवा बसवायला छताला भोक पाडायचं असलं, तरी इलेक्ट्रिशियनने आधी एक वही बघायची असते. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, छतात की भिंतीत की पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, याची ती नोंद. इमारतीचा सातबाराच म्हणा. आता ती बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर असते, पण नाव रजिस्टर हेच. तिची सक्ती २००४ मध्ये झाली. कूळ मात्र शंभर वर्षं मागे जातं, आणि गंमत म्हणजे तेही रुग्णालयातच.

१८९८ मध्ये ल्युसी डीन या कारखाना निरीक्षक बाईंनी आपल्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण काचेच्या तुकड्यांसारखे धारदार दिसतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सरकारी अहवालांचं जे होतं तेच त्याचं झालं. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे तेहेतीस वर्षांचा एक कामगार धापा टाकत आला. ॲस्बेस्टॉस पिंजण्याच्या खोलीत आपल्याबरोबर दहाजण होते, त्यातला आपण तेवढा उरलोय, असं त्याने सांगितलं. तोही गेला. शवविच्छेदनात फुप्फुसं घट्ट झालेली दिसली. मरेंनी १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे ही हकीकत मांडली, तरीही नुकसानभरपाईच्या आजारांच्या यादीत या आजाराला जागा मिळाली नाही.

१९२४ मध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉसच्या गिरणीतली नेली केरशॉ ही कामगार वारली, तीही तेहेतिसाव्या वर्षी. कंपनीने तिच्या अंत्यविधीच्या खर्चालाही नकार दिला. एकीला दिलं तर पायंडा पडेल ही भीती. विगनच्या रुग्णालयातल्या डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली, त्यावर लेख लिहिला आणि १९२७ मध्ये आजाराला ॲस्बेस्टोसिस असं नाव दिलं. मग सरकारने ३६३ कामगार तपासून घेतले. त्यातल्या ९५ जणांची फुप्फुसं बिघडलेली निघाली. १९३१ मध्ये नियम आले, पण ते कारखान्यापुरते. कारखान्याच्या फाटकातून पोतं बाहेर पडलं की नियम संपले.

आणि पोती बाहेर पडतच होती. त्यातली कितीतरी रुग्णालयात गेली. रुग्णालयाला चोवीस तास वाफ लागते: कपडे धुवायला, उपकरणं निर्जंतुक करायला, भटारखान्याला, हिवाळ्यात वॉर्ड गरम ठेवायला. बॉयलरपासून वॉर्डापर्यंत ती जमिनीखालच्या बोळांतून लांबच लांब पाइपांनी जायची, आणि वाटेत निवू नये म्हणून पाइपांना जाड लेप द्यायचे. पोत्यातली भुकटी बादलीत पाण्याबरोबर कालवायची आणि हाताने थापायची. कोरडी भुकटी ओतताना धुरळा उडायचा तो उडायचाच. १९३१ मध्येच लीड्सच्या एका कंपनीने ॲस्बेस्टॉस पिचकारीने फवारायची पद्धत काढली. ‘लिंपेट’ या नावाने ती लोखंडी तुळयांपासून बॉयलरच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे पोचली.

वाफेइतकंच मोठं कारण आगीचं. झोपून असलेला रोगी धावत जिना उतरू शकत नाही. म्हणून जिन्याभोवती, लिफ्टच्या शाफ्टमध्ये, पाइप आणि वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळ्यांच्या झाकणांना, दारांच्या आत, छताच्या चौकोनी तक्त्यांत ॲस्बेस्टॉसचे बोर्ड बसवले. १९६२ मध्ये ब्रिटिश सरकारने मोठी रुग्णालय योजना जाहीर केली आणि पुढची काही वर्षं जुन्या इमारतींना जोड आणि नव्या इमारती असं बांधकाम चालू राहिलं. रोग्याला जपण्यासाठीच हा माल आत आला, हे विसरून त्या इंजिनियरांना शिव्या देणं मला पटत नाही. मालाची माहिती असूनही गप्प बसलेल्या कंपन्यांना मात्र खुशाल द्याव्यात.

कारण तोवर ज्ञान पुरेसं झालं होतं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तंतू आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी वर येणारा. १९६५ मध्ये पूर्व लंडनच्या लंडन हॉस्पिटलमधल्या अशाच ८३ रुग्णांचा अभ्यास न्यूहाउस आणि थॉम्प्सन या दोघींनी प्रसिद्ध केला. त्यात कामगार तर होतेच. पण नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या बायका होत्या, आणि कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत नुसते राहणारे शेजारीही होते. वरच्या मजल्यावर डॉक्टर हे निष्कर्ष लिहीत होते आणि देशभरच्या रुग्णालयांच्या तळघरांत बादल्या कालवणं चालूच होतं.

त्या तळघरांतून फक्त पाइपांचे कामगार जात नसत. लंडनच्या गायज रुग्णालयात शिकलेले डॉ. अँड्र्यू लॉसन पुढे मेसोथेलिओमाने आजारी पडले. विद्यार्थी, नर्सा, हमाल सगळेच ज्या भुयारांतून ये-जा करत, तिथेच हे आपल्याला लागलं असावं असा त्यांचा कयास होता. २०१४ मध्ये ते गेले. तळघरांत बादल्या कालवल्या जात होत्या त्याच काळात भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, हजारो तरुण डॉक्टर तिथल्या रुग्णालयांत नोकरीला गेले होते. वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतचा त्यांचा रस्ताही कधी अशाच बोळांतून गेला असेल.

मग वही कशी आली? १९८२ मध्ये टीव्हीवर ॲलिस जेफरसन या बाईवरचा माहितीपट लागला. सतराव्या वर्षी नऊ महिने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम, सत्तेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. देश हादरला. ॲस्बेस्टॉस काढण्याच्या कामांना परवाना लागू लागला, १९८५ मध्ये निळ्या आणि तपकिरी प्रकारावर बंदी आली आणि १९९९ मध्ये पांढऱ्यावर. पण बंदीने नवा माल थांबतो, भिंतीतला तिथेच राहतो. १९९५ मध्ये ज्युलियन पीटो आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आकडे मांडले: मेसोथेलिओमाने मरणाऱ्यांत आता सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मोठ्या संख्येने आहेत, आणि २०२०च्या आसपास वर्षाला २७०० ते ३३०० पुरुष मरतील. या माणसांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या इमारतींत भोकं पाडताना, समोर काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहीचा जन्म या शेवटच्या वाक्यातला. २००२च्या नियमांनी इमारत सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आणि २१ मे २००४ पासून ती लागू झाली.

या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं गृहीत. एखाद्या वस्तूत ॲस्बेस्टॉस नाही असा भक्कम पुरावा नसेल, तर ते आहे असंच धरायचं. जिथे सर्व्हेवाला पोचू शकला नाही, तिथेही आहेच. रुग्णालयात अशा जागा फार, कारण अतिदक्षता विभागाचं छत कोण उघडू देईल?

सर्व्हेवाला अंगभर कागदी डगला आणि मास्क घालून येतो. पाइपाच्या लेपावर पाणी फवारतो, बारीक नळी आरपार घालून थेट लोखंडापर्यंतचा नमुना काढतो, कारण दर दुरुस्तीला वेगळा थर चढलेला असतो. भोक बुजवतो, नमुना दुहेरी पिशवीत घालतो, खालची जागा ओल्या फडक्याने पुसतो. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रकार ठरतो; निळा-तपकिरी ही नावं असली तरी नुसत्या डोळ्यांनी रंग बघून ओळखता येत नाही.

मग गुण. माल कोणता, मोडतोड किती, वरून लेप किंवा रंग आहे का, प्रकार कोणता, अशा चार गोष्टींची बेरीज. तळघरातल्या उघड्या लेपाला ३, बऱ्यापैकी फुटला आहे म्हणून २, वर आवरण नाही म्हणून ३, तपकिरी म्हणून २, एकूण १०. दहा आणि त्यापुढे सगळं धोक्याचं. बाह्यरुग्ण विभागातल्या धडधाकट विनाइल फरशीत पांढरा प्रकार निघाला तर बेरीज जेमतेम २. तिला हात लावू नका, मधूनमधून बघत राहा, एवढाच शेरा. न छेडलेल्या तंतूपेक्षा घाईने उपटलेला तंतू वाईट, हे त्यामागचं गणित. मात्र भिंत पाडायची तर ही वही पुरत नाही. त्यासाठी सगळं फोडून बघणारा वेगळा सर्व्हे करावा लागतो.

वहीचं दुखणं तिच्या मजकुरात नाही. ती इस्टेट खात्याच्या कपाटात किंवा कॉम्प्युटरवर असते आणि रात्री अकराला गळका पाइप बघायला आलेला कंत्राटी प्लंबर तळघरात असतो. या दोघांची गाठ पडली नाही तर गुणांची बेरीज काय कामाची? २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींतलं सगळं ॲस्बेस्टॉस चाळीस वर्षांत काढा आणि देशभराची एक वही करा, असं सुचवलं. चाळीस वर्षांची मुदत सरकारने मानली नाही. मला समितीचं म्हणणं पटतं; जपून ठेवलेली इमारतही म्हातारी होतेच.

नेली केरशॉची गिरणी ज्या उद्योगघराण्याची, त्या टर्नर अँड न्यूऑलची एक शाखा घाटकोपरला होती: हिंदुस्तान फेरोडो. भारतात पांढरं ॲस्बेस्टॉस आजही परदेशातून येतं आणि सिमेंटच्या पत्र्यांत जातं. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एक वही ठेवायला सांगितली, ती कामगारांची: प्रत्येकाची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर जपायची. इमारतींसाठी तशी सक्ती आपल्याकडे नाही. एखाद्या दवाखान्याचे पत्रे उतरवायचे ठरले, की ते फोडायचे की अख्खे काढायचे, हे शिडीवर चढलेला माणूसच ठरवतो.