प्रोस्टेट ग्रंथीची सौम्य वाढ

प्रोस्टेट ग्रंथीची सौम्य वाढ ही उतारवयातील पुरुषांमध्ये आढळणारी, कर्करोग नसलेली वाढ होय. प्रोस्टेट अथवा पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असते; ती वाढल्यास मूत्रमार्ग दाबला जाऊ शकतो. वयाच्या साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ झालेली असते, परंतु त्या सर्वांना त्रास होत नाही. त्यामुळे अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अनपेक्षितपणे दिसणे नित्याचे आहे.

सोनोग्राफीचा अहवाल

ग्रंथीची लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०.५२ ने गुणून घनफळ काढतात. उदा., ५ × ४.५ × ४ सेंटिमीटर ग्रंथीचे घनफळ सुमारे ४७ मिलिलिटर भरते. तरुणपणी ते साधारण २० ते २५ मिलिलिटर असते. मात्र आकारावरून त्रास ठरत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी वाढलेली लहान ग्रंथी लघवी अडवू शकते, तर मोठी ग्रंथी वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकते. लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती लघवी उरते, हा आकडा अधिक बोलका असतो. तपासणीपूर्वी मूत्राशय फार ताणले गेले असल्यास तोही फुगलेला येतो. मूत्रपिंडांना सूज वा मूत्राशयात खडे दिसल्यास उपचार लांबवू नयेत. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने कर्करोग आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी गुदमार्गातून बोटाने तपासणी, पीएसए रक्तचाचणी व गरजेनुसार बायोप्सी करतात.

उपचार

त्रास नसल्यास केवळ देखरेख पुरते. टॅमसुलोसिन मूत्रमार्गालगतचे स्नायू सैल करते. फिनास्टेराइड ग्रंथी लहान करते, पण त्यास सहा महिने लागतात आणि पीएसएचा आकडाही निम्म्यावर येतो. औषधे अपुरी पडल्यास मूत्रमार्गातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात.

दुर्गम भागातील प्रश्न

लघवी एकाएकी पूर्ण तुंबणे ही तातडीची अवस्था असून सर्दीच्या काही औषधांनीही ती ओढवते. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा उभी केली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की जवळच्या भामरागडचा संपर्क तुटतो. शिवाय गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे, पुरुषांच्या तपासणीसाठी असले तरी सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर मुक्तपणे नेता येत नाही. सुदैवाने तुंबलेले मूत्राशय बेंबीखाली फुगवट्यासारखे हाताला लागते. प्रशिक्षित व्यक्ती सोनोग्राफीवाचून कॅथेटर घालून ते रिकामे करू शकते.