कडब्याची गंजी : तेल्हारा परिसरातील वैरणटंचाईचा मागोवा

तेल्हारा परिसराचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप कापसाकडे वळते. सरकी वेगळी करणारे कारखाने, रुईच्या गाठी, रेल्वेकडे निघालेल्या बंड्या यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्या बंड्या ओढणारे बैल काय खात होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः वऱ्हाडातील शेतकऱ्याची पत त्याच्या घरामागील कडब्याच्या गंजीवरून ओळखली जात असे, आणि अवर्षणात पहिला घाला पडे तोही तिच्यावरच.

हिशोब साधा आहे. एका बैलास दिवसाकाठी सात-आठ किलो कोरडी वैरण लागते. कार्तिक-मार्गशीर्षात ज्वारी कापली गेली, की पुढे आषाढात नवे गवत उगवेपर्यंत सुमारे आठ महिने काढावयाचे. म्हणजे एका जोडीस छत्तीस क्विंटलांच्या आसपास कडबा हवा. जुनी उंच ज्वारी दोन एकर पेरली, तर तेवढा जेमतेम निघे. हरभरा-तुरीचे कुटार, वेचणी संपलेल्या पऱ्हाटीचा पाला आणि मूठभर सरकी ही त्यावरची भर. हिरव्या चाऱ्याची आशा पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात करताच येत नसे, कारण तेथील विहिरींचे पाणी पिकास सोसत नाही. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड. परंतु विहिरीच तळाशी गेल्या, तर गोडवा काय कामाचा?

इ. स. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले आणि त्याच दशकात वऱ्हाडातून रेल्वे धावू लागली. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली, हे खरे. पण पऱ्हाटी जसजशी वाढली, तसतसे ज्वारीचे तास मागे सरले. पूर्वी कापूस घरीच रेचून सरकी गोठ्यात राही. कारखाने आल्यावर ती कारखान्यात राहू लागली आणि शेतकऱ्यास विकत घ्यावी लागली. याच सुमारास चराईवरही कायद्याची मोहोर उमटली. वऱ्हाडच्या १८८६ च्या जंगल कायद्याने जंगलांचे वर्ग पाडले : इमारती लाकूड व सरपण यांचा एक, गवताच्या रमण्यांचा दुसरा आणि चराईचा तिसरा. आपल्याकडे गावाच्या पडीत जमिनीस अद्यापही ‘ई-क्लास’ म्हणतात, तीही अशीच अक्षरी वर्गवारी होय.

या पार्श्वभूमीवर १८९९ साल उजाडले. मारवाड-गुजरातेतून आलेल्या आपल्या घराण्यांत त्यास ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तो संवत १९५६ चा काळ. तीन वर्षांपूर्वीचाच, १८९६-९७ चा, दुष्काळ अंगावरून गेला होता. पावसाने ओढ दिली ती दिलीच. ज्वारीस कणीस नाही आणि धांडाही नाही. धान्य रेल्वेने आणता येते. कडबा वजनास हलका आणि जागेस भारी, त्यामुळे वाघिणीचे भाडेच मालाच्या किमतीवर जाते. शिवाय स्थानकापासून गावापर्यंत तो वाहून नेण्यास पुन्हा बैलच हवेत, आणि ते तर उपाशी! १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती २७ लाख ५४ हजार भरली. माणसांची ही गत, तेथे मुक्या जनावरांची काय कथा.

अशा वर्षी शेतकरी काय करी? छपरावरचे जुने गवत उतरवून गुरांपुढे टाकी. बाभळीच्या शेंगा झोडी, अंजनाचा पाला ओरबाडी. कळप सातपुड्याकडे हाकी. दुष्काळसंहितेत राखीव जंगले चराईस मोकळी करण्याची तरतूद होती. परंतु डोंगरातले झरे आटल्यावर गवतावाचून नव्हे, पाण्यावाचून गुरे बसत. अखेर भाकड गाय प्रथम सुटे, मग गोऱ्हे, आणि शेवटी जोडीतला एक बैल. एका बैलाने औत चालत नाही. म्हणून पुढल्या वर्षी पाऊस चांगला पडला तरी शेत पडीक राही. सावकाराच्या वह्या या वर्षी नव्हे, त्या वर्षी भरत.

जीवदयेची आपली परंपरा येथे आठवते. मुंबईची पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाली. पुढे गावोगावी अशा संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी असंख्य जीव जगविले. तथापि, पांजरपोळीच्या दारी येणारे जनावर धन्याने आधीच सोडलेले असते. माघ-फाल्गुनात शेतकऱ्याच्या गोठ्यात पोचलेली शंभर पेंढी ज्येष्ठातल्या हजार पेंढ्यांहून मोलाची, असे माझे स्पष्ट मत आहे. दानाच्या पावत्या मात्र बहुधा ज्येष्ठात फाटतात.

स्वातंत्र्योत्तर काळात संकटाचे रूप पालटले. १९६४ पासून संकरित ज्वारी आली. तिने धान्य वाढविले, पण ताट बुटके. काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळे पडे आणि कडबाही बुरशीने कुजे, म्हणजे अतिवृष्टीतही वैरणीची टंचाई! १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांनी माणसांस मजुरी मिळाली. बैलांसाठी तसे हुकमी साधन गावात नव्हते. नव्वदच्या दशकापासून ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. मागाहून ट्रॅक्टर आला व कित्येक गोठे कायमचे रिकामे झाले.

ज्यांच्याकडे अजून जोडी आहे, त्यांस कडबा विकत घ्यावा लागतो. वान प्रकल्पाचे पाणी पोचते तेथे थोडा हिरवा चारा दिसतो. सोयाबीनचे कुटार मळणीयंत्रामागे ढिगाने पडते. जनावरे ते तोंडी लावल्यासारखे खातात. काही जण ते घरी नेतात, काही जण शेतातच पेटवून देतात.