घडी पडलेली नोट

नोटेवर ठळक अक्षरांत छापलंय, ‘द जपानीज गव्हर्नमेंट’. त्याखाली ‘टेन रुपीज’. जपानी लिपीत सरकारचं नाव आहे, छोटा लाल शिक्का आहे आणि क्रमांकाच्या जागी नुसती दोन अक्षरं, ‘बीए’. आशिया आशियाई लोकांचा, अशी घोषणा देत गोऱ्यांना हाकलायला निघालेल्या जपाननं १९४२ नंतर ब्रह्मदेशातल्या माणसांच्या हातात ही नोट ठेवली. तीही इंग्रजीत, आणि रुपयांत.

रुपयांत का, याचं उत्तर सोपं आहे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. वेगळा झाल्यावरही तिथं रुपयाच चालायचा आणि नोटा आपली रिझर्व्ह बँकच काढायची. लोकांना ज्या पैशाची सवय, त्याच नावानं आपला कागद खपवायचा, हे जपानचं सगळीकडचं धोरण होतं. मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, डच इंडिजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, गिल्डर. त्या गिल्डरच्या नोटेवर तर चक्क डच भाषेत लिहिलंय की जपान सरकार धारकाला ही रक्कम देतं. कुठली नोट कुठल्या मुलखाची हे पहिल्या अक्षरावरून ओळखायचं : ‘बी’ बर्माचा, ‘एम’ मलायाचा, ‘पी’ फिलिपिन्सचा, ‘एस’ डच इंडिजचा.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा क्रमांकाकडे गेली. आपल्या खिशातल्या प्रत्येक नोटेला स्वतःचा नंबर असतो. या नोटांपैकी सुरुवातीच्या काहींना होता, पुढे तो गेला आणि उरली फक्त अक्षरं. नंबर नाही म्हणजे मोजदाद नाही. ‘बीए’ छापाच्या किती नोटा बाजारात आहेत, हे नोट हातात धरणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. फौजेला भात हवा, बैल हवेत, मजूर हवेत, की द्या कागद. समोरच्याला नाही म्हणायची सोय नव्हती. लुटीची पावती मिळावी तसा हा प्रकार. माल कमी होत गेला, कागद वाढत गेला आणि १९४५ मध्ये मलायात हजार डॉलरची नोट काढायची वेळ आली. तिथल्या दहाच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून लोक या सगळ्या पैशालाच ‘केळीचा पैसा’ म्हणायला लागले.

आता हा कागद कोल्हापुरात कसा? इथून बेळगाव दोन-अडीच तासांवर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं, आणि भरतीची गावं आपल्या अवतीभवती. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर नावच ‘सैनिक टाकळी’ पडलं. या पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढली. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये तिची तेविसावी डिव्हिजन मलायाच्या किनाऱ्यावर उतरली. आणि ऑक्टोबरअखेर हीच चौथी बटालियन, सोबतीला सहावी मराठा, जावा बेटावरच्या सुराबायात होती.

मला या प्रवासातला सगळ्यात विलक्षण भाग लढाईचा वाटत नाही, पैशाचा वाटतो. मलायात इंग्रज परतले आणि त्यांनी केळीचा पैसा थेट रद्द केला. बदलून वगैरे काही नाही. जावात मात्र डचांच्या नव्या नोटा मार्च १९४६ मध्ये आल्या. तोवर बाजारात जपानी नोटच चालत होती. म्हणजे एकाच सरकारनं काढलेला कागद एका बंदरात रद्दी आणि दुसऱ्या बंदरात पैसा, आणि दोन्ही बघणारा शिपाई एकच, कदाचित आपल्याच जिल्ह्यातला. तोपर्यंत ज्या सरकारचं नाव नोटेवर होतं, ते शरण जाऊन कित्येक महिने झाले होते.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मी इंजिनिअरिंगला होतो. आमच्या घरचेही बँकेच्या रांगेत उभे राहिले, वैतागले. पण रांगेच्या शेवटी काउंटर होता. सिंगापुरातल्या दुकानदाराला रांगसुद्धा मिळाली नाही. साडेतीन वर्षांचा गल्ला एका जाहीरनाम्यात गेला. ज्यांनी युद्धाआधीचं कर्ज याच कागदात फेडून टाकलं होतं त्यांचं काय, फिटलं की नाही? हा घोळ इतका मोठा झाला की १९४८ मध्ये मलायात त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. रंगूनचा १९४५ मधला एक फोटो आहे : रस्त्यावर पाचोळ्यासारख्या नोटा पसरल्यात, आणि उचलायला कुणी वाकत नाही.

आपल्याकडे या नोटा जुन्या ट्रंकांतून निघतात, नाहीतर नाण्यांच्या प्रदर्शनात मिळतात. ऑनलाइन विकणारे ‘अतिदुर्मिळ’ लिहून किंमत फुगवतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बेसुमार छापलेली गोष्ट दुर्मिळ कशी असेल? साधी नोट दोनशेच्या आत मिळते. मी एकदा एका विक्रेत्याकडे घडी पडलेली, कडा झिजलेली नोट उचलली, तर तो म्हणाला, “ती कशाला घेताय वो? घडीची हाय. हिचं उद्या काय येत न्हाय. ही बघा, करकरीत.”

धंद्याच्या हिशेबानं त्याचं बरोबर आहे. संग्राहकांच्या बाजारात कोऱ्या नोटेलाच भाव. पण करकरीत नोट म्हणजे बंडलातून कधी बाहेरच न पडलेली नोट. तिच्या बदल्यात कुणाच्या कणगीतला भात गेला नाही, कुणाचा बैल दावणीवरून सुटला नाही. घडीच्या नोटेला चार घड्या आहेत, म्हणजे ती कुणीतरी कमरेला खोचली होती किंवा डब्याच्या तळाशी दडवली होती. मी त्याच घेतो. हसायचं तर हसा.

काही लोकांनी तर त्या युद्धानंतरही जपून ठेवल्या. फिलिपिन्समध्ये अशा नोटाधारकांनी संघटना काढली आणि आज ना उद्या पैसे मिळतील या आशेनं नोटांच्या मागे संघटनेचे शिक्के मारून घेतले. तिथं अमेरिकेनंही युद्धात जपानी नोटांच्या नकला पसरवल्या होत्या, तेव्हा भरपाई त्यांनी द्यावी म्हणून दावा अमेरिकेच्या कोर्टापर्यंत गेला. १९६७ मध्ये तो फेटाळला गेला. माझ्या अल्बममध्ये तसली एक नोट आहे, शंभर पेसोंची. मारणाऱ्यानं घाईत मारला असावा, शिक्का तिरका पडलाय आणि त्याची कडेची दोन अक्षरं नोटेबाहेर गेलीत.