गायकाकडे वळलेला कर्णा



गवयाच्या बैठकीला आपण अनेकदां गेलां असाल. गवई मध्यें बसतो आणि त्याच्या मागें दोन्ही बाजूंस तंबोरे असतात. ते पुढें कां ठेवीत नाहींत, असा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच आला असेल. तंबोरे जर केवळ श्रोत्यांसाठीं असते, तर त्यांची जागा पुढें असती. ते गवयाच्या कानाजवळ असतात, कारण ते मुख्यतः त्याच्यासाठीं असतात. गाणाऱ्यानें आधीं ऐकावें आणि मग गावें, हा आपल्या संगीताचा पहिला पाठ आहे. ज्याला स्वतःचा स्वर ऐकूं येत नाहीं, त्याला तो सांभाळतांही येत नाहीं.

हा साधा नियम विजेच्या युगांत मोठ्या रंगमंचावर कसा हरवला, आणि तो परत मिळविण्यासाठीं माणसानें कोणकोणते खटाटोप केले, त्याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

आवाज मोठा करण्याची विद्या जन्मास आली ती श्रोत्यांसाठीं. पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडॅम या दोघां तंत्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं आपला विजेचा कर्णा तयार केला, आणि १९१५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नगरभवनापुढें जमलेल्या अफाट समुदायास तो ऐकविला. पुढें १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगोच्या क्रीडांगणांत कांचेच्या खोलींत उभें राहून भाषण केलें, तें याच दोघांच्या यंत्रांतून हजारों लोकांनीं ऐकलें. वक्त्याचें काम त्यानें भागलें. वक्त्याला सूर लावावयाचा नसतो आणि कोणाच्या ठेक्यावर चालावयाचेंही नसतें. त्यामुळें सगळे कर्णे लोकांकडे तोंड करून बसले, आणि व्यासपीठावरील माणसाला काय ऐकूं येतें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

गायकाची गोष्ट निराळी. तो गातो तेव्हां त्याचा आवाज दोन वाटांनीं त्याच्या कानांत शिरतो. एक हवेंतून आणि दुसरी त्याच्याच कवटीच्या हाडांतून. भोंवतीं गलबला वाढला कीं हवेची वाट बुजते. मग तो नकळत आवाज चढवितो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं हें निरीक्षण प्रसिद्ध केलें, आणि आजही त्याला लोंबारचा परिणाम असें म्हणतात. शेजारचा वाजविणाराही असाच चढतो, त्याला ऐकून तिसरा चढतो, आणि रंगमंचावर एक प्रकारची चढाओढ सुरू होते. तिचा शेवट बसलेल्या गळ्यांत आणि थकलेल्या कानांत होतो.

या अनवस्थेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्यें झालेला बीटल्स या चौघांचा कार्यक्रम. श्रोते ५५,००० हून अधिक होते. चौघांसाठीं १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम बनविले होते. गाणें मात्र क्रीडांगणाच्या स्वतःच्या कर्ण्यांतून लोकांपर्यंत जात होतें. गाणाऱ्यांकडे वळलेला कर्णा एकही नव्हता. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढें त्या चौघांना स्वतःचेंच गाणें नीट ऐकूं येईना. पुढच्याच वर्षीं, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सॅन फ्रॅन्सिस्कोंत त्यांनीं आपला शेवटचा जाहीर तिकिटांचा जलसा केला. त्यास कारणें अनेक होतीं. पण ज्या कलावंताला आपली कला ऐकूंच येत नाहीं, त्याला तिच्यांत रस किती दिवस राहील?

वास्तविक उपाय त्याच शहरांत जवळजवळ पांच वर्षे आधीं सुचलेला होता. १३ सप्टेंबर १९६१ रोजीं जुडी गार्लंड ही विख्यात गायिका तेथील सिव्हिक ऑडिटोरियममध्यें गायली, तेव्हां मॅक्क्यून नांवाच्या कंपनीनें तिला स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून रंगमंचावर कर्णे ठेविले होते. गायकाकडे वळविलेल्या कर्ण्याची सर्वांत जुनी नोंद ती हीच, असें मानतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिल हॅन्ली याने ही पद्धत मोठ्या जलशांतून रुळविली. पुढें मॅक्क्यूनच्याच बॉब कॅव्हिन यानें केवळ रंगमंचावरच्या ऐकण्यासाठीं निराळा मिश्रक बनविला, आणि जमिनीवर दोन वेगवेगळ्या कोनांत ठेवतां येईल असा तिरका कर्णाही तयार केला. मिश्रक निराळा असण्यांतलें मर्म आपण ध्यानांत घ्यावें. श्रोत्याला सगळें एकजीव झालेलें हवें असतें. पण तबलजीला गायकाचा शब्द हवा असतो, गायकाला पेटीचा सूर हवा असतो, आणि पेटीवाल्याला दोघेही हवे असतात. जितके कान, तितके स्वयंपाक!

परंतु कर्णा गायकाकडे वळला मात्र, आणि एक जुना शत्रु जागा झाला. मायक्रोफोनमध्यें शिरलेला आवाज कर्ण्यांतून बाहेर पडतो, फिरून त्याच मायक्रोफोनमध्यें शिरतो, पुन्हां मोठा होऊन बाहेर येतो, आणि क्षणार्धांत कान फोडणारी शीळ सुरू होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सेन यांच्या नांवानें हा प्रकार ओळखला जातो. अशी फेरी केव्हां स्थिर राहते आणि केव्हां बेताल होते, याचें गणित हॅरी नायक्विस्ट यांनीं १९३२ सालीं टेलिफोनच्या तारांसाठीं मांडलें होतें. त्याचा सोपा अर्थ असा, कीं परत आलेली लाट मूळ लाटेशीं जुळून आली आणि तिच्याएवढी किंवा तिच्याहून मोठी असली, कीं शीळ अटळ होते.

यावर पहिला उपाय मायक्रोफोनच्याच रचनेंत सांपडला. १९३९ सालीं बेंजामिन बाउअर यांच्या शोधामुळें शुअर कंपनीचा असा मायक्रोफोन निघाला, कीं तो समोरचें ऐकतो आणि पाठीमागचें जवळजवळ ऐकत नाहीं. म्हणून अशा मायक्रोफोनच्या बरोबर पाठीशीं, गायकाच्या पायांजवळ, तिरका कर्णा ठेवावयाचा. दुसरा उपाय धाडसाचा होता. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदानें १९७४ सालीं कर्ण्यांची एक प्रचंड भिंतच आपल्या पाठीमागें उभी केली. जें लोकांना ऐकूं येई, तेंच त्यांनाही ऐकूं येई. शीळ होऊं नये म्हणून प्रत्येक गायकापुढें दोन मायक्रोफोन उलट जोडलेले असत. भिंतीचा आवाज दोहोंत सारखाच शिरून एकमेकांस रद्द करी, आणि ज्या एकाजवळ गायक तोंड नेई, त्यांतलें गाणेंच तेवढें उरे. कल्पना सुंदर, पण ती भिंत गांवोगांव हलविणें इतकें खर्चाचें ठरलें, कीं त्याच वर्षाच्या अखेरीस ती मोडावी लागली.

तिसरा उपाय शांतपणें, प्रयोगशाळेच्या दारानें आला. चांगल्या कर्ण्यांत दोन अवयव असतात : खर्जासाठीं कागदाचा मोठा शंकु, आणि तारस्वरासाठीं लहान पडदा व त्यापुढें भोंगा. कोणता स्वर कोणाकडे जावा, ही वांटणी पूर्वीं तारेचीं वेटोळीं आणि कंडेन्सर करीत. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या वांटणीची एक नेटकी रीत दाखविली. तींत दोन्ही अवयवांचे आवाज सीमेवर एकमेकांशीं भांडत नाहींत. तिच्यांत त्यांचे सहकारी रस्स रायली यांचाही वांटा असल्यामुळें ती दोघांच्या नांवानें चालते.

१९८३ च्या सुमारास आवाजाचें गणित वेगानें करणारी चिमुकली चकती बाजारांत आली, आणि १९९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील बीएसएस, एक्सटीए यांसारख्या कंपन्यांचे डिजिटल प्रोसेसर रंगमंचामागच्या कपाटांत दिसूं लागले. या पेटीचें काम काय? ती आवाजाचे सेकंदाला ४८,००० किंवा ९६,००० वेळां माप घेते, त्या आंकड्यांवर हिशेब करते, आणि आंकड्यांचा पुन्हां आवाज करते. हिशेब चार प्रकारचा असतो. खर्ज आणि तार यांची वांटणी, हा पहिला. ज्या एका स्वरावर शीळ उठते तेवढाच स्वर अरुंद कात्रीनें कापणें, हा दुसरा. पुढें बसविलेल्या अवयवाचा आवाज क्षणभर थांबवून मागच्याच्या बरोबरीस आणणें, हा तिसरा. आणि आवाज मर्यादेबाहेर गेला तर कर्ण्यांतलें बारीक वेटोळें जळूं नये म्हणून त्याला आवर घालणें, हा चौथा. शिवाय एकदां जमविलेली मांडणी या पेटीच्या स्मरणांत राहते. उद्यां दुसऱ्या गांवीं ती तशीच काढतां येते.

परंतु या गुणांची किंमत वेळेंत द्यावी लागते. माप घ्यावयास आणि हिशेब करावयास एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४४ मीटर जातो, म्हणजे एक मीटरास साधारण तीन सहस्रांश. याचा अर्थ, ती पेटी मध्यें आली कीं पायांशीं असलेला कर्णा जणू एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मीटर दूर सरकतो. श्रोत्याला याचा पत्ताही लागत नाहीं. गायकाला मात्र हाडांतून आलेला स्वतःचा आवाज आधीं पोंचलेला असतो; कर्ण्यांतला उशीरा येऊन त्यांत मिसळतो, आणि कांहीं स्वर पोकळ वाटूं लागतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ श्रोत्यांच्या कर्ण्यांसाठीं लांबलचक हिशेब खुशाल वापरतो, पण गायकाच्या कर्ण्यासाठीं आंखूड वाट निवडतो, आणि पेट्यांमागून पेट्या जोडीत नाहीं.

आणि प्रश्न केवळ सुराचा नाहीं, कानाचाही आहे. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनें १९९८ सालीं घालून दिलेला दंडक असा, कीं ८५ डेसिबेलचा आवाज दिवसास आठ तास सहन करावा, आणि पुढें दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा करावा. त्या हिशेबानें १०० डेसिबेलला अवघीं १५ मिनिटें उरतात! पीट टाउनशेंड यांच्यासारख्या नामवंत वादकानें आपली श्रवणशक्ति खालावल्याचें जाहीरपणें सांगितलें, तेव्हां पुष्कळांचे डोळे उघडले. १९९५ सालीं जेरी हार्वी या तंत्रज्ञानें अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या वादकासाठीं कानांतच बसणारें यंत्र बनविलें, तें याच काळजीपोटीं. त्यानें बाहेरचा गलबला अडतो आणि थोड्या आवाजांत काम भागतें; मात्र तेंही मोठ्यानें लावलें तर अपाय तोच.

मी एका संगीतसभेंत पाहिलेला प्रसंग सांगून हें भाषण पुरें करतों. एक वयोवृद्ध गायिका गावयास बसल्या होत्या. पायांशीं दोन कर्णे होते, मागें नवी कोरी पेटी होती, आणि तिच्यापाशीं बसलेला उत्साही तरुण शीळ उठली कीं एकेक स्वर कापीत होता. कापतां कापतां आवाजाचा प्राणच गेला. बाईंचा सूर हलूं लागला. सभेंत चुळबुळ झाली. तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "बाळ, माझा आवाज बंद कर. मला फक्त तंबोरा दे." त्यानें तसें केलें. शीळ थांबली, बाईंनीं डोळे मिटले, आणि षड्ज लागला तो असा, कीं मागच्या रांगेंतली कुजबुजही विरून गेली.

त्या मुलाची पेटी वाईट नव्हती. तिला कापावयाचें किती हें सांगतां येत होतें. कोणासाठीं, हें मात्र गाणाऱ्याला विचारूनच कळावयाचें होतें. मध्यंतरांत तो तरुण बाईंजवळ जाऊन बसला आणि त्यांना काय काय ऐकावयास हवें, तें एका कागदावर लिहून घेऊं लागला. उत्तरार्धांत त्या दोन कर्ण्यांतून काय येत होतें, तें मला ठाऊक नाहीं, कारण त्यांचीं तोंडें माझ्याकडे नव्हतींच. बाई मात्र रात्री उशीरापर्यंत गात होत्या.