मोठ्या टायरचा हिशेब

चौकात उंच केलेली थार येऊन उभी राहिली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "काय गाडी आहे राव!" दुसरा म्हणतो, "आरटीओ झोपलाय का?" दोघांचंही खोटं नाही. पण हे भलेमोठे टायर आले कुठून, कशासाठी आले, आणि जिथे त्यांची खरंच गरज होती तिथल्या लोकांनी ते लावताना गाडीत आणखी काय काय बदललं, हे कुणी विचारत नाही. पोस्ट लांबलचक आहे. तरी वाचा, कारण त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणारे आपणच असतो.

या गोष्टीची सुरुवात हवेपासून होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन भटकायचा. त्या काळी वाळवंट म्हणजे उंटाचं राज्य. बॅग्नोल्ड आणि त्याच्या मित्रांनी तिथे टायरमधली हवा कमी करून गाड्या चालवल्या. रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या सोबत ठेवल्या. पुढे १९४० मध्ये त्याने 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही तुकडी उभी केली आणि हेच शहाणपण युद्धात वापरलं.

यातलं तत्त्व आपल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. लोखंडी धावेची बैलगाडी काळ्या रानात रुतते, टायरची गाडी तेवढी रुतत नाही. कारण वजन तेच असलं तरी ते जास्त जागेवर पसरतं. ढोबळमानाने, टायरमध्ये जेवढ्या दाबाची हवा, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर गाडी रुतल्याची जी बातमी येते, तिच्यात दोष बहुतेक वेळा टायरच्या आकाराचा नसतो. पूर्ण हवा भरून वाळूत घातलेली गाडी रुतणारच.

आता जीपकडे येऊ. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं की चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी आहे, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. बॅन्टम या छोट्याशा कंपनीने तो २३ सप्टेंबरला नेऊन उभा केला. नंतर विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप बनवल्या.

या जीपचा टायर केवढा होता? रुंदी सहा इंच, उंची साधारण २८ इंच. आजच्या थारशेजारी ठेवला तर सायकलचा वाटेल. तरीही ती जीप युरोपच्या चिखलातून निघाली. वजन साधारण एक टन, इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, आणि डिफरन्शियलचं प्रमाण ४.८८, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळपास पाच वेळा फिरायचा. टायर, वजन, गिअर आणि ब्रेक हे सगळं एकाच हिशेबात बसवलेलं होतं.

युद्धानंतर या जीप सामान्य लोकांच्या हातात आल्या आणि अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, त्यांना नवीन काम मिळालं. डोंगरातली रुबिकॉन ही दगडधोंड्यांची वाट. तिथे १९५३ मध्ये जीपवाल्यांची पहिली मोठी फेरी निघाली. एकीकडे हे दगड, दुसरीकडे वाळूच्या टेकड्या. वाळूसाठी लोक स्टीलच्या रिम कापून, मधे पट्टी वेल्ड करून रुंद करायचे. १९६० च्या दशकात डिक सेपेक या माणसाने असे रुंद टायर विकायचा धंदाच सुरू केला. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि टायर कंपन्यांना आयती प्रयोगशाळा मिळाली. १९७६ मध्ये बीएफगुडरिचने हलक्या ट्रकसाठी रेडियल 'ऑल-टेरेन' टायर बाजारात आणला. डांबरावरही चालेल आणि मातीतही, असा टायर आता दुकानात मिळू लागला.

दगडांच्या वाटेवर एक गोष्ट लवकर कळते. जीपसारख्या गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंगा बदलून, लिफ्ट किट लावून बॉडी कितीही वर उचला, तो गोळा आहे तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या आसावर आहे. त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर. मग मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो, म्हणून त्याला जागा करून द्यायला लिफ्ट. म्हणजे आधी गरज, मग टायर, मग लिफ्ट. आपल्याकडे हा क्रम उलटा झालाय. आधी लिफ्ट, मग टायर, आणि गरज सापडली तर सापडली.

आता आकडे बघा. नव्या थारचा २५५/६५ आर १८ हा टायर साधारण ३१ इंच उंच आहे. त्याजागी ३५ इंची लावला, तर चार इंच वाढीतला निम्मा भाग खाली जातो आणि डिफरन्शियल दोन इंच वर येतं. मिळकत एवढीच.

खर्च असा. घेर जवळपास १३ टक्के वाढतो. स्पीडोमीटर दुरुस्त केला नाही तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ च्या आसपास असते. चाक मोठं झाल्याने इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना कमी पडतो, म्हणून जाणकार डिफरन्शियलचे गिअरही बदलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक तेच राहिले तर तेवढाच पाय दाबून रस्त्यावर मिळणारी रोधशक्ती सुमारे ११ टक्क्यांनी घटते. त्यात टायर-रिमचं वजन वाढलेलं, गुरुत्वमध्य वर गेलेला, स्टिअरिंगचे कोन बिघडलेले. बंपर एवढा उंच की समोरच्या छोट्या गाडीला तो तिच्या बंपरच्या वरच धडकणार. अमेरिकेत अनेक राज्यांनी बंपर जमिनीपासून किती उंच असावा याची मर्यादा घातली, ती याचसाठी.

हा सगळा खर्च मांडून मग मोठा टायर लावणारा देश बघायचा असेल तर आइसलँड बघावा. तिथे हिमनद्या आणि खोल बर्फ. १९८० च्या दशकापासून तिथले लोक साध्या जीपना ३८ इंची टायर लावू लागले, आणि बर्फावर हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवू लागले. आपल्या कारमध्ये ३० च्या आसपास असते, यावरून अंदाज करा. १९८३ मध्ये त्यांचा ४x४ क्लब झाला. अडकलेल्यांना सोडवणारी बचाव पथकंही अशाच गाड्या वापरतात. २००७ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'वाल्यांनी उत्तरेच्या बर्फातून हायलक्स नेली, ती आइसलँडच्याच आर्क्टिक ट्रक्सने तयार केलेली होती.

पण तिथे गाडी बदलली की विशेष तपासणीला न्यावी लागते. चाकांच्या कोनांचा दाखला, स्पीडोमीटरचा दाखला, वजनाची पावती. पास झाली की बदलाची रीतसर नोंद होते. आणि एवढे मोठे टायर असूनही बर्फ नसलेल्या उघड्या जमिनीवर वाट सोडून गाडी घालायला कायद्याने बंदी आहे. गरज मान्य, बदल मान्य, पण हिशेब दाखवा, असा तिथला व्यवहार.

आणि आपण? जीप आपल्याला नवी नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत महिंद्रांनी जीप जुळवायला सुरुवात केली. घाटातल्या वाड्या-वस्त्यांवर पुढची कित्येक वर्षं वडापची जीपच जायची. बसायची जागा आठ-दहांची, माणसं पंधरा. टायर मात्र अरुंद. पावसाळ्यात अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमापर्यंत पोहोचतो आणि तिथे पकड घेतो, हे त्या ड्रायव्हरांना कुणी शिकवलं नव्हतं. २०१० मध्ये थार आली, २०२० च्या गांधी जयंतीला नवी थार आली, ती आपल्या नाशिकात बनते. गाडी चांगलीच आहे. पण आज तालुक्याच्या गावात मोठा टायर दिसतो तो वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर, मिरवणुकीत, कॉलेजच्या गेटवर. चिखल लागला तर त्याच दिवशी वॉशिंग सेंटरला.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. कागदावर प्रश्न मिटला.

रस्त्यावर मात्र लिफ्ट किट उघड विकलं जातं, बसवलं जातं, त्याचे रील्स निघतात. सरसकट बंदी आणि अधूनमधून पावती, यात एक गोष्ट कधीच होत नाही. त्या गाडीचे ब्रेक कुणी तपासत नाही. दंड भरून गाडी तशीच पुढच्या चौकात. ज्याला खरंच नदी-ओढ्यातून, डोंगरातून जायचंय, तो वनखात्याचा असो, पूरग्रस्त गावात जाणारा बचावाचा कार्यकर्ता असो की छंद म्हणून ऑफ-रोडिंग करणारा, त्यालाही सरळ मार्ग नाही. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयती जागा.

मार्ग अशक्य नाही. सीएनजी किट बसवलं की आपल्याकडे आरसी बुकात नोंद होतेच की! मग टायर आणि लिफ्टसाठी मर्यादा ठरवा. किती इंच चालेल ते लिहा. ब्रेकची चाचणी, स्पीडोमीटरचा दाखला, अधिकृत गॅरेजचा शिक्का, बंपरची उंची, आणि मग नोंद. त्यापलीकडे गेला तर गाडी जप्त करा, सुटका मूळ टायर बसवल्यावरच. हे केंद्राच्या अखत्यारीतलं आहे, पण मागणी राज्यातून जायला कुणाची आडकाठी आहे?

तोवर एक करा. तुमच्या ओळखीत कुणी असे टायर लावले असतील तर त्याला टायरची किंमत विचारू नका. एवढंच विचारा: "भाऊ, ब्रेकचं काय केलंस?"